आजारी मूल आणि आपली करुणदृष्टि

आपल्या वाङ्मयांत आजारी मुलाला बाहेर पडावयास आजवर दोनच वाटा ठेविलेल्या आढळतात : एक स्मशानाची व दुसरी देव्हाऱ्याची. पहिल्या वाटेनें गेलेलें मूल कवीला एक विलापिका देऊन जातें. दुसऱ्या वाटेनें परतलेलें मूल नवसाला पावलेल्या देवाचें, अथवा देवासारख्या डॉक्टराचें, माहात्म्य वाढवून खेळावयास निघून जातें आणि कथा तेथेंच संपते. परंतु या दोन वाटांच्या मध्यें एक लांबच लांब माजघर आहे. तेथें मूल मेलेलें नाहीं आणि बरेंहि झालेलें नाहीं; तें बरें होत आहे. या होत असण्याला महिने लागतात, वर्षें लागतात, आणि तेवढा काळ सगळें घर श्वास रोखून त्या मुलाभोंवतीं फिरत असतें. या माजघराकडे मराठी प्रतिभेचें लक्ष कितपत गेलें आहे, याचा विचार ‘श्वास’ या २००४ सालीं प्रकाशित झालेल्या चित्रपटाच्या निमित्तानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चित्रपटाची चर्चा वाङ्मयाच्या मासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, ‘श्वास’च्या मुळाशीं माधवी घारपुरे यांची कथा आहे, त्या कथेच्या मुळाशीं आमच्या या पुणें शहरांत घडलेली एक सत्य घटना आहे, आणि या विषयाला मराठींत जें कांहीं गंभीर रूप मिळालें त्यांत या कृतीचें स्थान पहिल्या ओळींतलें आहे. विषय मोठा व साधनें थोडीं असलीं म्हणजे टीकाकारानें कागदाची व पडद्याची जात पाहूं नये.

प्रथम पूर्वपीठिका पाहूं. पूर्वसूरींना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या काळांत प्लेग, देवी, पटकी आणि विषमज्वर यांच्या फेऱ्या गांवोगांव चालत, घरोघर एखादा तरी पाळणा अवेळीं रिकामा झालेला असे, त्या काळच्या कवीनें मुलाचा आजार म्हणजे मुलाचा मृत्यु असें समीकरण मांडलें तर तें अनुभवाला धरूनच होतें. गडकऱ्यांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेंतली आई मुलाचा देह कोणाला उचलूं देत नाहीं. तो निजला आहे असाच तिचा हट्ट आहे. ‘एकच प्याला’मध्यें तर तान्ह्या मुलाचा बळी बापाच्याच हातून पडतो. ‘श्यामची आई’मध्यें धाकट्या भावाचा मृत्यु घराच्या दैन्यावर आणखी एक घाव म्हणून येतो. या सर्व ठिकाणीं आजार हा केवळ उंबरठा आहे. लेखक तो चटकन् ओलांडतो, कारण त्याला जें सांगावयाचें तें पलीकडे आहे. अपवाद सांगावयाचा तर ‘स्मृतिचित्रें’चा. लक्ष्मीबाई टिळकांनीं आजारपणाच्या व प्लेगच्या दिवसांची हकीकत ज्या सुरांत सांगितली आहे, तो सूर चुलीपाशीं बसून सांगितलेल्या गोष्टीचा आहे. संकटांतहि भांडीं घासावीं लागतात, हें त्यांच्या लेखणीला ठाऊक होतें. पण लक्ष्मीबाईंच्या वाटेनें पुढें फारसें कोणी गेलें नाहीं. गडकऱ्यांची वाट मात्र मळून गेली.

मध्यंतरीं आजाराचें स्वरूपच पालटलें. १९८३ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. सुरेश अडवाणी यांनीं भारतांतलें पहिलें यशस्वी अस्थिमज्जारोपण केलें. रोगी होती रक्ताच्या कर्करोगानें पछाडलेली नऊ वर्षांची मुलगी; डॉक्टर होते बालपणींच्या पोलिओमुळें चाकांच्या खुर्चीवर बसून वैद्यकी करणारे गृहस्थ. जो रोग पूर्वीं कांहीं महिन्यांत मुलाचा प्राण घेई, त्यांतून आतां पुष्कळ मुलें औषधांनींच बरीं होतात. ज्यांना औषधें पुरीं पडत नाहींत अशांपैकीं कांहींना, त्याचप्रमाणें जन्मभर दुसऱ्याचें रक्त चढवून घ्यावें लागणाऱ्या थॅलसीमियाच्या मुलांना, हें रोपण नवें आयुष्य देऊं शकतें. तेव्हां आजारी मुलाच्या कथेचा शेवट आतां आधीं ठरलेला राहिलेला नाहीं. कथाकाराच्या दृष्टीनें ही केवढी मोठी क्रांति आहे! आणि तिची दखल आपल्या ललित वाङ्मयानें किती थोडी घेतली आहे!

या उपचारांत नाट्य कोठें आहे हें समजण्यासाठीं त्याची रीति थोडक्यांत पाहिली पाहिजे. अनभिज्ञ मनुष्याची समजूत अशी असते कीं, रोपण म्हणजे कांहीं तरी मोठी चिरफाड. वास्तविक रोपणाच्या दिवशीं मुलाच्या शरीराला सुरी लागतहि नाहीं. आधीं तीव्र औषधांनीं, आणि कांहीं वेळां किरणांनीं, त्याची स्वतःची रोगट मज्जा नष्ट करण्यांत येते. नंतर भावाची, बहिणीची, आईबापांपैकीं एकाची अथवा एखाद्या अनोळखी दात्याची मज्जा एका पिशवींतून, रक्त चढवावें तशी, शिरेंत सोडतात. तासा-दोन तासांचें काम. पाहणाऱ्याला त्यांत पाहण्यासारखें कांहींच नसतें. त्या दिवसाला ‘शून्य दिवस’ म्हणतात, आणि तेथून घराचा नवा शक सुरू होतो. पहिला दिवस, पांचवा दिवस, चौदावा दिवस, अशी मोजणी चालते. नव्या मज्जेनें मूळ धरलें कीं नाहीं हें कळण्यास दोन ते चार आठवडे लागतात. शंभरावा दिवस हा पहिला मोठा मैलाचा दगड मानतात. तरीहि धोका संपत नाहीं. पाहुण्या पेशी यजमानाच्या देहालाच परका समजून त्याच्या कातडीवर, आंतड्यांवर, यकृतावर चालून जातात. मुलाला लहानपणीं टोंचलेल्या सर्व लशी शरीर विसरून जातें. त्या पुन्हां तान्ह्या मुलाला द्याव्या तशा क्रमानें द्याव्या लागतात. दात्याचा रक्तगट निराळा असेल तर मुलाचा रक्तगटहि पालटून दात्याचा होतो. देह तोच, नांव तेंच, आणि रक्त मात्र धाकट्या बहिणीचें! आमच्या पुराणकारांना हें ठाऊक असतें तर त्यांनीं यावर एक स्वतंत्र आख्यान रचलें असतें.

आतां या काळांतलें घर पाहा. पाणी उकळलेलें, अन्न ताजें व पूर्ण शिजलेलें, फळ सोलून दिलेलें. कुंड्या बाहेर गेल्या, कारण मातींत बुरशी असते. देवाची फुलेंहि बंद झालीं. पाहुणा दारांतूनच परततो. शाळेचें दप्तर खुंटीला आहे. ज्या आजीच्या मांडीवर मूल वाढलें तिला खोकला आला म्हणून ती दुसऱ्या खोलींत बसून भिंतीपलीकडचा आवाज ऐकते. हा उपचार आतां पुण्यांतल्या मोठ्या रुग्णालयांतहि होतो, आणि बाहेरगांवच्या कुटुंबाला त्यासाठीं महिनेच्या महिने शहरांत खोली घेऊन राहावें लागतें. मुंबईंत टाटा रुग्णालयाच्या रोग्यांना व त्यांच्या माणसांना दादरची गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आसरा देते. अर्धें घर गांवीं व अर्धें घर शहरांत, एक मूल मरणाच्या दारांतून ओढून आणावयाचें आणि दुसरें मामाच्या घरीं ठेवावयाचें, शेत अथवा नोकरी यांतलें काय सोडावयाचें याचा हिशेब रोज रात्रीं करावयाचा, असा हा संसार आहे. यांत मृत्यु नाहीं, म्हणून करुण नाहीं. विजय नाहीं, म्हणून वीर नाहीं. मग यांत कोणता रस आहे?

हा प्रश्न केवळ पंडिती नाहीं. भरतानें करुण व विप्रलंभ यांतला भेद सांगतांना दोन शब्द वापरले आहेत, ते येथें फार उपयोगाचे आहेत. करुण हा ‘निरपेक्ष’ असतो, विप्रलंभ हा ‘सापेक्ष’. गेलेलें माणूस परत येण्याची अपेक्षाच उरली नाहीं म्हणजे करुण. आशा शिल्लक आहे, आणि म्हणूनच चिंता व हुरहुर शिल्लक आहे, तेथें विप्रलंभ. भरतापुढें प्रश्न प्रेमी जनांच्या वियोगाचा होता. परंतु हा भेद आम्हांला वात्सल्याच्या क्षेत्रांतहि तितकाच खरा वाटतो. मेलेल्या मुलाच्या आईचें दुःख निरपेक्ष आहे; बरें होत असलेल्या मुलाच्या आईचें दुःख सापेक्ष आहे. दुसरें पहिल्याहून कमी असतें असें मुळींच नाहीं. निरपेक्ष दुःखांत मनुष्य कोसळूं शकतो; सापेक्ष दुःखांत त्याला कोसळण्याची मुभाच नसते, कारण सहा वाजतां औषध द्यावयाचें असतें. भवभूतीला हें मर्म कळलें होतें. ‘उत्तररामचरितां’तला राम सीता कायमची गेली असें समजून शोक करतो, पण प्रेक्षकाला ती जिवंत असल्याचें ठाऊक असतें, त्यामुळें रामाच्या शोकांतहि आपलें मन अपेक्षेनें ताणलेलें राहतें. आमचा आरोप असा कीं, मराठी वाङ्मयानें आजारी मुलाच्या बाबतींत सापेक्षाचें निरपेक्ष करून टाकण्याची फार घाई केली. अश्रु लौकर येतात, म्हणून तो सोपा मार्ग आहे.

या दृष्टीनें आतां ‘श्वास’कडे वळूं. संदीप सावंत यांनीं दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. कोंकणांतल्या एका खेड्यांतला परशुराम हा लहानगा मुलगा डोळ्यांच्या विकारासाठीं आजोबांबरोबर शहरांत येतो. विकार दृष्टिपटलाच्या कर्करोगाचा ठरतो. दोन्ही डोळे काढले तर प्राण वांचेल, न काढले तर वांचणार नाहीं. आजोबांचें काम अरुण नलावडे यांनीं केलें आहे, मुलाचें अश्विन चितळे यानें, आणि कामाच्या ओझ्यानें कावलेल्या पण आंतून सज्जन अशा डॉक्टराचें संदीप कुलकर्णी यांनीं. रुग्णालय व खेडुत यांच्यामधला पूल म्हणून एक समाजसेविका आहे. ती भूमिका अमृता सुभाष यांची आहे. या चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिकांतलें सुवर्णकमळ मिळालें. १९५४ सालीं पहिल्याच राष्ट्रीय पारितोषिकांत अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळाल्यानंतर मराठी चित्रपटाला तो मान पुन्हां मिळण्यास पन्नास वर्षें जावीं लागलीं, आणि दोन्ही वेळां विषय मूल व त्याचें घर हाच होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

कथासूत्र एवढेंच सांगितलें तर ती निरपेक्ष करुणाचीच सामग्री वाटेल. दृष्टि जाणार, ती परत येणार नाहीं. रडावयास आणखी काय हवें? परंतु ‘श्वास’चा मोठेपणा असा कीं, त्यानें आपला भार डोळे जाण्यावर टाकला नाहीं, मुलाला तें सांगण्यावर टाकला. डॉक्टराचा आग्रह आहे कीं, मुलाला पूर्वकल्पना दिल्याशिवाय शस्त्रक्रिया करावयाची नाहीं. शुद्धीवर आल्यानंतर एकदम अंधार दिसला तर त्या जिवाचा आपल्या माणसांवरचा विश्वास कायमचा उडेल. मग तें सांगावयाचें कोणीं, केव्हां, कोणत्या शब्दांत? चित्रपटाचा मधला भाग या एका प्रश्नावर तोललेला आहे. आमच्या घरांतली रीत याच्या नेमकी उलट आहे. आम्ही मुलापुढें रोगाचें नांव घेत नाहीं. ‘तें’ म्हणतों, ‘मोठें दुखणें’ म्हणतों, अथवा खोलीबाहेर जाऊन कुजबुजतों. पोराला काय कळतें, ही आमची जुनी समजूत. वस्तुतः मूल रोगाचें नांव ओळखीत नसलें तरी माणसांचे चेहरे ओळखतें, आणि सगळे चेहरे एकाच वेळीं खोटे बोलूं लागले म्हणजे तें एकटें पडतें. हें एकटेपण आजारापेक्षां भयंकर असतें. ‘श्वास’नें हें कोणत्याहि उपदेशाशिवाय, एका खेडवळ आजोबाच्या अडखळण्यांतून दाखविलें, हें त्याचें पहिलें यश होय.

दुसरें यश त्या प्रसिद्ध भटकंतीचें. शस्त्रक्रिया पुढें ढकलली जाते, आणि आजोबा व नातू रुग्णालयांतून नाहींसे होतात. इकडे शोधाशोध चालते, वर्तमानपत्रांना विषय मिळतो, डॉक्टरावर ठपका येतो. तिकडे म्हातारा पोराला शहर दाखवीत हिंडत असतो. ही क्लृप्ति केवळ प्रेक्षकांना रडविण्यासाठीं योजिली आहे, असा आक्षेप कोणी घेईल. हा आक्षेप आम्हांला टिकणारा वाटत नाहीं. अश्रु आले कीं नाहीं ही कसोटीच नव्हे; अश्रु कशासाठीं आले ही कसोटी आहे. आजोबा त्या दिवशीं नातवाला जगाचा निरोप घ्यावयास नेत नाहीं. तो त्याला शिदोरी बांधून देत आहे. प्रवासाला निघणाऱ्या पोराच्या हातीं भाकरी द्यावी, तसे तो त्याच्या डोळ्यांत रंग भरतो आहे, कारण पुढची वाट लांब आहे व वाटेंत हें मिळणार नाहीं. शिदोरी देणारा मनुष्य शेवटाचा विचार करीत नसतो. तो पुढच्या मुक्कामाचा विचार करतो. हा सापेक्ष भाव आहे. नातू जगणार आहे यावर ज्याचा विश्वास बसला त्यालाच ही बुद्धि होईल. डॉक्टरानें जें शास्त्रानें ओळखलें होतें तेंच आजोबानें आपल्या रीतीनें ओळखलें, आणि म्हणूनच शेवटीं दोघांचा समेट होतो. नियमाच्या दृष्टीनें आजोबा अपराधी आहे, यांत शंका नाहीं. शस्त्रक्रियेच्या तोंडावर रोग्याला उन्हांत हिंडविणें कोणतेंहि रुग्णालय मान्य करणार नाहीं. पण रुग्णालयाच्या नियमांत ज्या उपचाराला जागा नाहीं असा एक उपचार घराकडे असतो, हें दिग्दर्शकानें येथें ठामपणें सांगितलें आहे.

एवढी स्तुति केल्यानंतर जें उणें राहिलें तें सांगणें आमचें कर्तव्य आहे. चित्रपटाच्या शेवटीं काळा चष्मा लावलेला परश्या होडींतून गांवाकडे परततो. दृश्य सुंदर आहे. पाणी, वारा, किनाऱ्यावरचीं माणसें, सर्व कांहीं योग्य. पण आमच्या मतें जेथें होडी कांठाला लागते तेथेंच खरी कथा सुरू होते, आणि चित्रपट तेथेंच संपतो. त्या रात्रीं पोराला अंगणाची पायरी कोणीं मोजून दिली? विहिरीकडे तो एकटा जाऊं लागला तेव्हां घरांतल्यांनीं त्याला अडविलें कीं श्वास रोखून जाऊं दिलें? ज्यांच्याबरोबर तो खेळे तीं मुलें किती दिवस आलीं, आणि केव्हां यावयाचीं थांबलीं? या रोगाचा दोन्ही डोळ्यांना होणारा प्रकार जन्मजात गुणदोषांतून येतो, आणि त्यामुळें अशा मुलाला पुढेंहि वर्षानुवर्षें तपासणीस न्यावें लागतें. तें भय घरानें कोठें ठेविलें? हे प्रश्न चित्रपटाच्या कक्षेबाहेरचे आहेत, असें म्हणून सुटतां येईल. परंतु ज्या कृतीनें सापेक्ष भावाचें दार उघडलें, तिनें उंबरठ्यावरच थांबावें याची हुरहुर वाटते.

याच उणिवेला जोडून दुसरी आहे. परश्याची आई गांवीं राहते. शहरांतला सगळा व्यवहार पुरुषांचा आहे. निर्णय आजोबांचा, शास्त्र डॉक्टराचें, धांवपळ काकाची. स्त्री आहे ती समाजसेविका, म्हणजे बाहेरची. वास्तव म्हणून हें अशक्य नाहीं. पण होडी परतल्यानंतरचीं वीस वर्षें ज्या बाईला काढावयाचीं आहेत, ती कथेच्या कडेला उभी राहिली. मुलाच्या लांबलेल्या आजारांत निर्णयाचा क्षण एक असतो व तो बहुधा पुरुषाच्या वाट्यास जातो. सेवेचे क्षण हजारों असतात व ते बाईच्या वाट्यास येतात. कथाकार क्षण निवडतात, म्हणून पुरुष नायक होतो. हजारों सारख्या क्षणांची कथा कशी करावी, ही कलेपुढची अडचण आहे हें आम्ही जाणतों. पण अडचण ओळखणें हीच ती सोडविण्याची पहिली पायरी होय.

ही अडचण अगदींच न सुटणारी नाहीं, याचा पुरावा त्याच २००४ सालीं पुण्याच्या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर या जोडीनें ‘देवराई’ या चित्रपटांत दिला. तेथें रोगी लहान मूल नाहीं. स्किझोफ्रेनिया झालेला तरुण भाऊ आहे, आणि त्याला सांभाळणारी त्याची बहीण आहे. भावाचा आजार हा बहिणीच्या संसारांत येऊन राहतो, जेवतो, झोपतो, घरांतल्या बोलण्यांत व न बोलण्यांत मिसळतो. सेवा करणारें माणूस चिडतें, थकतें, स्वतःला दोष देतें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां औषध काढून देतें. ‘बरा झाला’ या दोन शब्दांनीं सर्व कांहीं मिटवून टाकण्याचा मोह तेथें दिसत नाहीं. ‘श्वास’ची भावनेची धार ‘देवराई’ला नाहीं, पण ‘देवराई’ची कालाची जाण ‘श्वास’ला नाहीं. या दोहोंचा संगम करणारी कृति आम्हांला अजून आढळलेली नाहीं.

पाश्चात्त्य वाङ्मयाची स्थिति फार निराळी होती असेंहि नव्हे. डिकन्सच्या कादंबऱ्यांतलीं आजारी मुलें बहुधा मरतात आणि मरतांना वडील माणसांना सुधारून जातात. व्हर्जिनिया वुल्फनें १९२६ सालच्या आपल्या एका निबंधांत तक्रार केली होती कीं, प्रेम व युद्ध यांच्या बरोबरीनें आजाराला वाङ्मयांत स्थान मिळूं नये हें नवल आहे. २००४ सालींच आलेल्या ‘माय सिस्टर्स कीपर’ या अमेरिकन कादंबरींत थोरल्या बहिणीच्या उपचारासाठीं म्हणूनच जन्मास घातलेली धाकटी बहीण आईबापांविरुद्ध न्यायालयांत जाते. विषय अगदीं हाच, पण लेखिकेनें घरांतला तंटा कोर्टांत नेला आणि माजघर पुन्हां सुनें राहिलें. जपानच्या केन्झाबुरो ओए या लेखकानें मात्र ही वाट धरली. मेंदूच्या व्यंगासह जन्मलेल्या स्वतःच्या मुलाच्या अनुभवांतून त्यानें १९६४ सालीं एक कादंबरी लिहिली, आणि तेथें न थांबतां पुढें अनेक वर्षें त्या मुलाबरोबर जगण्याचाच विषय तो पुनःपुन्हां लिहीत राहिला. एका पुस्तकांत जें मावत नाहीं तें एका आयुष्याच्या लेखनांत मावलें.

मराठींत अशी कृति व्हावयाची तर तिला काय साधावें लागेल? प्रथम तिला मोजलेल्या काळाचें शिल्प सांपडलें पाहिजे. ज्या घरांत ‘आज एकोणिसावा दिवस’ अशी सकाळ होते, त्या घराच्या कथेला प्रकरणें पाडण्यासाठीं लेखकाला दुसरीकडे जावें लागणार नाहीं. दुसरें, तिला दात्या भावंडाकडे पाहावें लागेल. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणें जुळण्याचा संभव प्रत्येकामागें चारांत एक. ज्याची जुळली नाहीं त्याला आपण नापास झालों असें वाटतें. ज्याची जुळली त्याच्या कमरेच्या हाडांतून ती काढून घेतात, थोड्या आठवड्यांत त्याची झीज भरून निघते, आणि मग घरांत कोणी त्याची विचारपूस करीत नाहीं, कारण सर्वांचे डोळे दुसऱ्या खाटेकडे असतात. रोपण फसलें तर आपलेंच रक्त वाईट होतें कीं काय, ही शंका त्या आठ-दहा वर्षांच्या जिवानें कोणापाशीं बोलावी? भरत-लक्ष्मणांच्या कथांवर वाढलेल्या समाजाला याहून मोठी बंधुप्रेमाची कथा कोणती हवी?

तिसरें, तिला भाषा ऐकावी लागेल. ज्या आजीला अक्षरओळख नाहीं ती ‘काउंट’ व ‘प्लेटलेट’ हे शब्द पावसापाण्याच्या शब्दांसारखे बोलूं लागते. काउंट चढला, काउंट बसला, आज प्लेटलेट आल्या नाहींत. ही भाषा कोशांत नाहीं, ती घरांत जन्मलेली आहे, आणि तिच्या भाबड्या बिनचूकपणांत जी करुणा आहे ती कोणत्याहि अलंकारांत नाहीं. चौथें, तिला एक मोह टाळावा लागेल. अलीकडे आजारी मुलाला योद्धा म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्यांत धीर देण्याचा हेतु असतो, तो आम्हांला मान्य आहे. परंतु जें मूल लढलें तें जगलें असें म्हणतांना, जें जगलें नाहीं तें लढण्यांत कमी पडलें असा अर्थ नकळत निघतो. मूल लढत नसतें. तें सोसतें, कुरकुरतें, खेळणें मागतें, सुई पाहून रडतें, आणि मध्येंच हंसतें. त्याला वीर करून त्याच्या पाठीवर आपल्या आशेचें ओझें देण्याचा वडील माणसांना व लेखकांना अधिकार नाहीं.

वाङ्मयाकडून इतकी अपेक्षा कां करावयाची, असा प्रश्न राहतो. ज्या बापाला उद्यांचा औषधाचा खर्च दिसत नाहीं त्याला कादंबरीचें काय? प्रश्न रास्त आहे. वाङ्मय औषध आणून देत नाहीं. पण मनुष्यावर जें येतें तें सोसण्यासाठीं त्याला शब्द लागतात, आणि ते शब्द तो आपल्या पूर्वजांच्या कथांतून उचलतो. ज्या समाजाच्या कथांत आजारी मूल एक तर मरतें किंवा चमत्कारानें उठून बसतें, त्या समाजांतली आई तिसाव्या दिवशीं मुलाला पुन्हां ताप आला कीं एकदम पहिल्या कथेंत जाऊन पडते. आणि शंभराव्या दिवशीं डॉक्टरानें अजून सांभाळा असें सांगितलें कीं आपली कथा फसली असें तिला वाटतें. तिच्याजवळ तिसरी कथा नसते. ही तिसरी कथा देणें हें वाङ्मयाचें काम आहे, आणि तें डॉक्टरांचें अथवा देवाचें नव्हे.

‘श्वास’नें ती कथा पूर्ण सांगितली नाहीं, परंतु मुलाला सत्य सांगून, आणि मग त्याच्या हातीं शिदोरी देऊन, त्यानें तिचा पहिला अध्याय लिहिला. पुढचे अध्याय ज्या घरांत आज लिहिले जात आहेत, तेथें लेखणी हातांत घेण्यास कोणाला सवड नाहीं. ज्यांना सवड आहे त्यांनीं तेथें जाऊन, दाराबाहेर जोडे काढून, हात धुऊन, कांहीं वेळ गप्प बसून ऐकावें, एवढीच आमची आजच्या तरुण लेखकांस विनंति आहे.